साहेबांचा छंद

साहेब रागीट असेल तर एक वेळ निभावतं. पण साहेबाला छंद लागला की कचेरीचं काही खरं नाही. राग संध्याकाळपर्यंत उतरतो. छंद वर्षानुवर्षं चढतच जातो आणि दाद द्यायचं काम हाताखालच्यांकडे येतं.

आमच्या एका साहेबांना ऐन पन्नाशीत बासरीनं धरलं. स्नेहसंमेलनात त्यांचं वादन ठरलेलं आणि तबल्याला हिशेब विभागातले एक गृहस्थ, चांगले तयारीचे. साहेब भूप वाजवताना मध्येच श्वासाला थांबत, पुढचा स्वर चाचपडत. आणि हे बहाद्दर ठेका असा काही रेंगाळत ठेवत, की साहेब जिथे पोचतील तिथे सम. टाळ्या साहेबांना. मी मात्र त्या तबलजीचा डावा हात बघत बसायचो.

असाच एक साहेब अठराव्या शतकात हंगेरीत होऊन गेला. प्रिन्स निकोलाउस एस्तरहाझी. अफाट जमीनजुमला, हिऱ्यामाणकांची हौस, आणि पदरी स्वतःचा वाद्यवृंद. त्या वाद्यवृंदाचा प्रमुख म्हणजे संगीतकार योझेफ हायडन. हायडनला नोकरीवर ठेवलं ते प्रिन्सच्या थोरल्या भावानं, १७६१ मध्ये, वर्षाला ४०० गुल्डनवर. तो करारनामा वाचण्यासारखा आहे. पांढरे मोजे, पांढरा सदरा, पावडर लावलेला टोप. रोज दुपारच्या आधी आणि नंतर दालनाबाहेर हजर राहून आज संगीत हवं आहे का, हे विचारायचं. वादकांशी फार सलगी करायची नाही. आणि लिहिलेलं संगीत मालकाचं, परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी लिहायचं नाही. म्हणजे गणवेश, हजेरी आणि वर कॉपीराइटही कंपनीचा! पुढच्याच वर्षी भाऊ वारला, निकोलाउस गादीवर आला आणि त्यानं पगार ६०० केला. आता छंदाला सुरुवात.

प्रिन्स बारीटोन वाजवायचा. हे वाद्य फारसं कुणी पाहिलेलं नसेल. पायांत धरायचं, चेलोसारखं दिसतं, पुढच्या आतड्याच्या तारा गजानं वाजवायच्या. गंमत मागच्या बाजूला आहे. मानेच्या मागून धातूच्या तारांची एक रांग जाते. सारंगीच्या तरफांसारख्या त्या आपोआप झंकारतातच, पण इथे मान मागून पोकळ असल्यामुळे डाव्या हाताचा अंगठा आत घालून त्या छेडताही येतात. बोटं पुढच्या तारांवर, उजव्या हातात गज आणि त्याच वेळी अंगठा मागे, न दिसणाऱ्या तारा शोधतोय. हौशी माणसानं नेमकं हेच वाद्य का निवडावं, हे हौशी माणसांनाच ठाऊक.

१७६५ साली हायडनला लेखी समज मिळाली: यापुढे अधिक मन लावून रचना कराव्यात, विशेषतः या वाद्यासाठीच्या, कारण तशा फारच थोड्या आमच्या नजरेस पडल्या आहेत. हायडन कामाला लागला. १७६६ च्या जानेवारीत प्रिन्सनं कारभाऱ्याला कळवलं, की हायडनचे तीन तुकडे मिळाले, फार आवडले, त्याला सोन्याचे बारा डुकाट द्या आणि असेच आणखी सहा लिहायला सांगा. शाबासकी आणि नवं काम एकाच चिठ्ठीत. साहेब लोक इतकी वर्षं एकाच शाळेत शिकत आलेत, असं वाटायला लागतं.

पुढच्या दहाएक वर्षांत हायडननं या वाद्याचे शंभरावर ट्रायो लिहिले. यादी १२६ पर्यंत जाते. बारीटोन, व्हायोला आणि चेलो. बहुतेक सगळे डी, ए किंवा जी मेजरमध्ये, म्हणजे प्रिन्सच्या बोटांना सोयीच्या घरांत. ऐकताना त्यांत भव्य असं काही हाती लागत नाही. पण एकट्या बारीटोनला कुठे उघडं पडू द्यायचं नाही, भोवतीचे दोघे कधी पुढे सरतात आणि कधी वाट मोकळी करतात, हे ऐकत गेलं की मला तो हिशेब विभागातला डावा हात आठवतो.

मधेच हायडनला वाटलं, आपणच हे वाद्य शिकावं. सहा महिने रात्री जागून, बायकोची कुरकुर सोसून त्यानं रियाज केला आणि एक दिवस प्रिन्सपुढे वाजवून दाखवलं. जाणकार मालक, खूश होईल! प्रिन्स जेमतेम म्हणाला, तुम्हाला हे यायलाच हवं. हायडननं त्या दिवसापासून बारीटोन बाजूला ठेवलं. मला यात प्रिन्सचा फारसा दोष दिसत नाही. कचेरीत साहेबापेक्षा बरी बासरी वाजवून दाखवायचीच कशाला?

आपल्याकडे शाहू महाराजांचा जीव कुस्तीत, पण त्यांच्या दरबारी गाणाऱ्या अल्लादिया खाँसाहेबांना काही लंगोट बांधून आखाड्यात उतरावं लागलं नाही. त्या मानानं कोल्हापूरची नोकरी सुखाची.

रजेचा किस्सा पुष्कळांना माहीत असतो. दलदलीच्या मुलखात बांधलेल्या एस्तरहाझा महालातला मुक्काम १७७२ मध्ये लांबत गेला, वादकांची कुटुंबं दूर, म्हणून हायडननं अशी सिम्फनी, म्हणजे अख्ख्या वाद्यवृंदाची रचना, लिहिली की शेवटी एकेक वादक आपली मेणबत्ती विझवून उठून जातो. प्रिन्सला कळलं आणि दुसऱ्या दिवशी सगळे घरी. कळलं, हे मला मोठं वाटतं. इतका आडून केलेला अर्ज वाचायला कान तयार असावा लागतो, आणि तो त्या वेड्या बारीटोननंच तयार केला असणार. आमच्या साहेबांपुढे सगळा स्टाफ दिवे मालवून गेला असता, तर त्यांनी वीजबिलाचं कौतुक केलं असतं.

नंतर प्रिन्सचा शौक बदलला. बारीटोन मागे पडलं, ऑपेरा आला. एकट्या १७८६ साली त्या महालात शंभराहून जास्त प्रयोग झाले, आणि तालमी घ्यायला पुन्हा हायडनच. १७९० च्या फेब्रुवारीत तो व्हिएन्नातल्या एका बाईंना पत्रात लिहितो, की तुमच्याकडच्या त्या चविष्ट मांसाऐवजी इथे माझ्या ताटात पन्नास वर्षांच्या गायीचा तुकडा आहे. मेसच्या जेवणाबद्दल इतकं नेमकं कुणी लिहिलेलं मी वाचलेलं नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात प्रिन्स गेला. मुलाला संगीतात रस नव्हता. त्यानं वाद्यवृंद मोडला. हायडनला प्रिन्सच्या मृत्युपत्रानं वर्षाला हजार गुल्डन बसल्या जागी मिळाले आणि तो मोकळा झाला. अठ्ठावन्न वर्षांचा हायडन डिसेंबरात थेट लंडनला निघाला. पुढच्या वर्षी तिथून त्यानं त्याच बाईंना लिहिलं: थोडी मोकळीक किती गोड लागते! माझा प्रिन्स चांगला होता, पण मला अधूनमधून हलक्या माणसांवर अवलंबून राहावं लागायचं.

म्हणजे साहेब उत्तमच होते हो. ते बाहेरच्या केबिनमधले...