ग्रीस फासलेला खांब आणि गवती टोपीवाली कवटी

१७ ऑगस्ट २०२५, रविवार, जकार्ता

सकाळपासून गल्लीत स्पीकर चालू आहे. आज इंडोनेशियाचा ८० वा स्वातंत्र्यदिन, त्यात उद्याची पण सुट्टी, त्यामुळे सगळा कारभार निवांत. घरच्या ग्रुपवर कालच्या दहीहंडीचे व्हिडिओ येऊन पडलेले, ते बघत चहा घेऊन गॅलरीत आले तर खाली पोरं खांबाला काळं ग्रीस फासत होती. पांजात पिनांग! पिनांग म्हणजे सुपारी, पूर्वी सुपारीचंच खोड लावायचे म्हणे. वर रिंगणाला बादल्या, छत्र्या, कुकर आणि एक लहान मुलांची सायकल टांगलेली, आणि खालून एकमेकांच्या खांद्यावर चढत ते काढायचं. तीन वर्षं बघतेय तरी तोंडातून गोविंदा आला रे निघतंच.

सगळ्यात खालच्या थरातल्या पोराच्या काळ्या टीशर्टवर कवटी होती, गवती टोपी घातलेली. वन पीस नावाच्या जपानी कॉमिक्समधल्या चाच्यांचं निशाण ते. जुलैच्या शेवटी ट्रकवाल्यांनी हा झेंडा लावायला सुरुवात केली आणि बघता बघता घरांवर, बाईकवर, सगळीकडे दिसायला लागला, लाल-पांढऱ्या राष्ट्रध्वजाच्या खाली. त्या गोष्टीतले चाचे भ्रष्ट जागतिक सरकारशी भांडतात, त्यामुळे काय म्हणायचंय ते न बोलता कळतं. मग नेतेमंडळींना राग, कोणी म्हणे हा देश फोडायचा डाव, कोणी कारवाईचा इशारा. कार्टूनच्या कवटीला सरकार घाबरलं याचेच दोन आठवडे मीम्स. आमच्या गल्लीत झेंडे उतरलेत पण टीशर्ट काय कोण उतरवणार, आणि आता तर ग्रीसनं कवटी अर्धी पुसली पण गेली होती.

मोठ्यांना असं चिडवायची खोड इथल्या पोरांची जुनीच. मी २०२२ च्या जुलैत इथे आले तेव्हा दुकुह आतासला, स्टेशनबाहेर, झेब्रा क्रॉसिंगवर शाळकरी पोरं मॉडेलसारखी चालत होती. चितायाम, बोजोंग गेडे, डेपोक असल्या लांबच्या उपनगरांतनं लोकलनं यायची, स्वस्तातले कपडे, पण ऐट अशी की बस. जकार्तातलं भारी बिझनेस सेंटर म्हणजे एससीबीडी, सुदिरमान सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, तर ह्यांनी त्या अक्षरांचं केलं सुदिरमान-चितायाम-बोजोंग गेडे-डेपोक! मला तर ते बदलापूर-टिटवाळ्याच्या पोरांनी बीकेसी ताब्यात घेतल्यासारखं वाटलेलं. मग मोठी माणसं आली, ह्या सगळ्याला 'चितायाम फॅशन वीक' नाव पडलेलं, कोणीतरी त्याचा ट्रेडमार्क घ्यायला अर्ज केला, शिव्या खाल्ल्या, मागे घेतला, मग पोलिसांनी हुसकावलं. संपलं.

शब्दांची तोडमोड तर विचारू नका. मागेर म्हणजे हलायचा आळस, बापेर म्हणजे मनाला लावून घेणारा, दोन्ही दोन-दोन शब्दांचे तुकडे जोडून केलेले. ऑफिसमध्ये पहिल्या आठवड्यात मला बू म्हणायचे, म्हणजे मॅडम टाईप, मग काक झाले, म्हणजे ताई. आईला फोनवर सांगितलं तर म्हणते, तुला काका का म्हणतात गं? आणि माझा सगळ्यात आवडता शब्द म्हणजे चिंता. इथे त्याचा अर्थ प्रेम. आपल्याच संस्कृतातनं आलेला, फक्त जरा पुढचा टप्पा गाठलेला.

दुपारी ऑफिसमधली ज्युनिअर आली, २४ वर्षांची. खाली स्नीकर्स, वर ढगळ टीशर्ट आणि मध्ये आजीचं बाटिक कापड कमरेला गुंडाळून वर बेल्ट. बेरकाइन म्हणतात याला, लग्नकार्यापुरतं ठेवलेलं कापड रोज नेसायचं, शहरी पोरापोरींत हे फॅड चांगलंच आहे. कोपऱ्याचा एक पदर तिरका सोडलेला, चालताना उडतो, ते करायला तिला म्हणे पाऊण मिनिट लागतं. मी नऊवारीचा फोटो दाखवला, तर काष्ट्यावर बोट ठेवून विचारते, हे यात जमेल का? बसलो मग दोघी. नाही जमलं, कापड फार छोटं, पण हसून हसून पोट दुखलं.

ही जानेवारीपासून संध्याकाळी जपानी शिकते. फेब्रुवारीत 'काबुर आजा दुलू' हा हॅशटॅग तुफान चालला होता, म्हणजे आधी पळ तर काढू, मग बघू. नोकऱ्या नाहीत, पगार पुरत नाही, तर जपान, जर्मनी कुठेही जाऊ, आणि व्हिसा कसा काढायचा, कुठल्या देशात किती मिळतात याची माहिती एकमेकांना वाटणं. मी ते चेष्टेतच घेतलं होतं. आज काष्टा सोडता सोडता ती म्हणाली, काक, तू पण काबुरच ना? मी म्हटलं, छे, मला कंपनीनं पाठवलं. पण सांगलीहून पुणे, पुण्याहून इथे, आणि दर वर्षी 'पुढच्या वर्षी परत येते' असं सांगणारी पण मीच. तिनं पुढे काही विचारलं नाही, बरं झालं.

खाली आरडाओरडा झाला म्हणून दोघी धावलो. पाचव्यांदा घसरून सहाव्यांदा कोणीतरी वर पोचला होता, त्यानं सायकल सोडून आधी कुकर काढला कारण खालून त्याची आई ओरडत होती. कवटीवाला अजून तळाशीच, खांद्यांवर दोघं, तोंड लालबुंद, तरी कॅमेऱ्याकडे बघून दोन बोटं दाखवत होता. तोच फोटो ग्रुपवर टाकला.

आईचा रिप्लाय आत्ता आला. "पोरं गोड आहेत. पण ती कवटी कशाला? शनी अमावस्या येत्या शनिवारी आहे ना."