गाडीचा मीटर किलोमीटरमध्ये होता

परवा रात्री सागरचा फोन आला. सागर म्हणजे माझ्या चुलत्याचा मुलगा, साताऱ्यात करंज्यात राहतो. म्हणाला ताई, स्विफ्ट मिळतीये, २०१८ ची, एक लाख दहा हजारात, फौजी आहे, जम्मूला पोस्टिंग झालीये म्हणून विकतोय. मी ड्युटीवर होते, तरी ब्रेकरूममध्ये जाऊन पहिलं वाक्य हेच बोलले की अजून एक रुपया पण दिलेला नाहीस ना? कारण याच चुलीवर माझे हात भाजून झालेत.

मी इथं इंग्लंडात मिल्टन कीन्सला नर्स आहे. नाइट सकाळी आठला सुटते आणि रविवारी त्या वेळी बस म्हणजे नशिबाचा भाग. भारतातलं लायसन इथं १२ महिने चालतं, स्टिअरिंगही आपल्यासारखंच उजवीकडं, म्हणून २०२५ च्या फेब्रुवारीत ऑनलाइन जुनी गाडी शोधायला लागले. टोयोटा यारिस, २०१५ ची, लाल, किंमत ३,२०० पाउंड. बाकी सगळीकडं तसलीच गाडी सहा-सात हजाराच्या खाली नव्हती. इथंच थांबायला पाहिजे होतं, पण विकणाऱ्या बाईनं लिहिलं की नवरा नुकताच गेला, दारात गाडी उभी बघवत नाही. मी रोज वॉर्डात असल्या बायका बघते, त्यामुळं मला किंमत कमी का हा प्रश्नच पडला नाही, उलट घासाघीस करायची लाज वाटली.

मग नेहमीचं. ती स्कॉटलंडला लेकीकडं गेलीये, गाडी ट्रान्सपोर्टवाल्याच्या गोडाऊनमध्ये आहे, २५० पाउंड डिपॉझिट भरा, घरपोच येईल, पाच दिवसांत नाही आवडली तर पैसे परत. गाडीच्या व्ही५सीचा फोटो पण पाठवला. व्ही५सी म्हणजे आपल्या आरसीसारखा कागद, पण त्याच्यावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही. मी वाचलं नाही. पैसे पाठवताना बँकेच्या ॲपनं सांगितलं की खात्याचं नाव जुळत नाही. तिला विचारलं तर म्हणे खातं दिराचं आहे. आपल्याकडं दिराच्या खात्यावर पैसे मागवणं म्हणजे काही नवल आहे का? दाबलं पुढं.

दुसऱ्या दिवशी कौतुकानं फोटो आमच्या वॉर्डातल्या एका पोर्टरला दाखवले. त्यानं डॅशबोर्डचा फोटो मोठा केला आणि मीटरवर बोट ठेवलं. मीटर किलोमीटरमध्ये होता. इथं सगळा कारभार मैलात चालतो, इथल्या गाडीच्या मीटरवर मैलाचे आकडे असतातच. तो फोटो युरोपातल्या कुठल्यातरी गाडीचा होता आणि मी सात वेळा बघूनही मला काही खटकलं नव्हतं, कारण मी आयुष्यभर किलोमीटरचाच मीटर बघत आलेली.

मग त्यानंच सरकारी साइट उघडून दिली. इथं गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी नावाची तपासणी असते आणि नंबर टाकला की आधीच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात, कधी नापास झाली, कशामुळं, प्रत्येक वेळी मीटर किती होता. जाहिरातीत ६२ हजार मैल, साइटवर शेवटच्या तपासणीला १ लाख १४ हजार. आणि रंग चंदेरी! म्हणजे नंबर एका गाडीचा, फोटो दुसरीचा. दोन मिनिटांचं काम होतं हो, ते मी पैसे दिल्यावर केलं.

बँकेला त्याच दिवशी कळवलं. इथं ७ ऑक्टोबर २०२४ पासून नियम आहे की अशा फसवणुकीत बँकेनं पैसे भरून द्यायचे, पण १०० पाउंडापर्यंत कापून घेऊ शकतात. माझे कापले. १५० परत आले.

तर सागर. त्याला ५,१५० रुपये 'आर्मी गेटपास'चे मागितले होते, वर क्यूआर कोड पाठवला आणि म्हणाला हा स्कॅन करून पिन टाका, ते पैसे लगेच तुमच्याच खात्यात रिफंड होतील. अरे बाबा, यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. आणि मला वाटतं फौजीची ही थाप साताऱ्यात जितकी पटकन गळी उतरते तितकी मुंबईत उतरत नसेल. आमच्याकडं प्रत्येक भावकीत एक तरी फौजी, अपशिंग्याला तर अपशिंगे मिलिटरीच म्हणतात. वर्दी दिसली की माणूस गाडीचं बघायचं सोडून चहा घेणार का विचारतो. मला विधवा बाई दाखवली, याला जवान. गाडी दोघांनाही कुणी दाखवलीच नाही.

माझं सागरला पटत नव्हतं, म्हणून आबांना फोनवर घेतलं. आबा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेत. त्यांनी आधी आयकार्डचा फोटो मागवला. कार्ड सीआयएसएफचं, म्हणजे कारखाने-विमानतळ राखणाऱ्या वेगळ्याच दलाचं. "सीआयएसएफ म्हंजे आर्मी व्हय रं?" मग त्या माणसालाच फोन लावला, स्पीकरवर.

"बेटा, कौनसी पलटन?"

"सर, मराठा."

"सेंटर कहाँ है?"

"सर... पुना."

आबा काहीच बोलले नाहीत, फोन ठेवला. मराठाचं सेंटर बेळगावात आहे हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंपण सांगेल.

सागरचे पैसे वाचले. गेले असते तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला ताबडतोब फोन करायचा, जितका उशीर तितके पैसे पुढच्या पुढच्या खात्यात पळतात. एम-परिवहन या सरकारी ॲपवर गाडीचा नंबर टाकून बघायचं पण त्याला शिकवलं, त्या स्विफ्टचा नंबर टाकला तर निघाली डिझेलची दुसरीच गाडी.

आता सागर आणि आबा कराडला एक एमएच-५० ची वॅगनआर बघायला रविवारी जाणारेत. मालक घरी बोलावतोय, आरसी दाखवतोय, बँकेचं कर्ज फिटल्याची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा काढायचा फॉर्म ३५ आहे म्हणतोय, गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या गाडी बघितल्यावर. गोडोलीतला मिस्त्री बरोबर घेतलाय. मी आबांना म्हणलं, सकाळी लवकर जा, इंजिन गार असतानाच चालू करून बघा, गरम इंजिनात खोड लपते, मालकाला आधी सांगून ठेवा गाडी गरम करू नको म्हणून.

"मला नको शिकवू," आबा म्हणाले, "लेहला मिलिटरीचा शक्तिमान ट्रक चालवलाय म्या. गार इंजिन काय असतंय ते मला इचार."