हातचा न घेता

१९ जुलै

सहा-दहाला लाईट गेली आणि मी चहाचा कप तसाच ठेवून माडीवर पळालो. आई खालून ओरडली, "अरे, कंदील तरी ने की." कंदील कशाला, रेडिओच्या पडद्याला पुरेसा उजेड आहे. लाईट गेली की शॉर्टवेव्ह स्वच्छ होते, हे घरात कुणालाच पटत नाही. एलईडीचे दिवे, मोबाईलचे चार्जर, टीव्हीचा डबा, सगळ्यांची मिळून एक घरघर असते आणि ती सगळ्या बँडवर पसरलेली असते. गल्लीतले दिवे विझले की ती एकदम थांबते आणि पाठीमागून जग ऐकू यायला लागतं. (शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर तेवढा चालूच राहतो. म्हणून रेडिओच्या ॲंटेनाची तार मी त्यांच्या भिंतीपासून लांब, नदीच्या अंगाला ओढली आहे. बारा मीटर तांब्याची तार. आई तिच्यावर फडकी वाळत घालते.)

टेकसनचा हातात मावेल असा सेट आहे. आठ-नऊ मेगाहर्ट्झच्या आसपास बोटाने चाक फिरवत होतो आणि मध्येच बासरी लागली. पत्र्यावर पाऊस, खाली कुणीतरी शेजाऱ्याला मेणबत्ती मागतंय, आणि कानात बासरी. ती थांबली आणि एक बाई बोलायला लागली. बातम्या नव्हेत. एकाच संथ चालीत, प्रत्येक शब्दाला सारखंच वजन देऊन. 'सान' ओळखलं, मग 'वू'. तीन, पाच. चिनी आकडे दहापर्यंत मी गेल्या वर्षी याच कामासाठी पाठ केले होते. दुसरा काही उपयोग नाही. तैवानहून चीनच्या दिशेने, तिकडच्या हेरांसाठी म्हणे, अशी आकड्यांची प्रसारणं वर्षानुवर्षं चालतात. आधी बासरी, मग बाई, हे वर्णन तंतोतंत जुळलं.

पाठीवर काटा आला, खोटं कशाला लिहू. ती बाई कुणा एकाशी बोलत होती. बाकी सगळं जग, सांगलीच्या गावभागातला मी धरून, फुकटचे ऐकणारे.

लाईट सात वाजता आली. बाई घरघरीत बुडाली.

२० जुलै

दुकानात दिवसभर हिशेबाच्या पट्ट्या लिहिल्या. हळदीची आवक आता नावापुरती, तरी जुनी येणी-देणी संपत नाहीत. आकड्यांतच आयुष्य गेलं माझं, आणि रात्री छंद म्हणून पुन्हा आकडेच ऐकतो. बायको असती तर हसली असती.

दुपारी आमच्या दुकानातल्या नव्या पोराला हे सांगत होतो. बी.कॉम. झालाय, हुशार आहे. म्हणाला, "काका, आजकाल मोबाईलवर सगळं एन्क्रिप्टेड असतंय, रेडिओ कशाला लागतोय हेरांना?" प्रश्न बरोबर आहे. मी म्हटलं, मोबाईलवर तू निरोप वाचलास की कुठल्यातरी खांबाकडे, कुठल्यातरी कंपनीकडे नोंद राहते. कुणी, किती वाजता, कुठून. रेडिओ ऐकणाऱ्याची नोंद कुठेच होत नाही. वर आयनांबर नावाचा हवेचा थर असतो, त्यावर आपटून लाटा हजारो मैलांवर पडतात, आणि त्या झेलायला बाजारात मिळणारा साधा सेट पुरतो. पाठवणारा कुठे आहे ते शोधता येतं. झेलणारा त्या लाखांत कोणता, ते शोधता येत नाही.

मग त्याला रोजकीर्दीच्या मागच्या कोऱ्या पानावर गणित करून दाखवलं. समजा रेडिओवर आलं ४७१९०. हेराजवळ आकड्यांची एक वही असते, नुसत्या उटपटांग आकड्यांची. तशीच दुसरी वही पाठवणाऱ्याकडे. त्या दिवसाच्या पानावर आहे ८२३६५. आता एकेक आकडा वजा करायचा, पण हातचा घ्यायचा नाही. ४ मधून ८ जात नाहीत, तर १४ मधून घालव, उरले ६. शेजाऱ्याकडून मात्र काही उसनं आणायचं नाही. ७ मधून २ गेले, ५. १ मधून ३ नाहीत, ११ मधून घालव, ८. पुढे ३, शेवटी ५. आलं ६५८३५. हा खरा निरोप; त्याची अक्षरं दुसऱ्या एका तक्त्यावरून लावायची. पान जाळून टाकायचं.

पोरगं म्हणालं, "एवढंच?" एवढंच. १९४९ साली क्लॉड शॅनन यांनी कागदावर सिद्ध करून दाखवलं की आकडे खरोखर बेहिशेबी असतील, पान एकदाच वापरलं असेल आणि वही कुणाच्या हाती लागली नसेल, तर हे कुणालाही फुटत नाही. कितीही मोठा कॉम्प्युटर आणा. कारण चुकीच्या वहीने वजाबाकी केली तरी काहीतरी निरोप निघतोच. सगळेच निरोप निघतात, म्हणून कुठलाच निघत नाही.

रशियनांनी दुसऱ्या महायुद्धात घाईगर्दीत काही पानं दोनदा छापली आणि अमेरिकेच्या सैन्यातल्या आकडेमोड करणाऱ्यांनी त्यावरून पुढे कित्येक वर्षं त्यांचे निरोप उकरून काढले. एक पान दोनदा. आमच्याकडे एकच पावती-नंबर दोनदा पडला तर शेठजी दिवसभर बोलतात, ते काही चूक नाही.

पोराने ते कोरं पान फाडून खिशात घातलं. रोजकीर्दीचं पान असं फाडायचं नसतं, पण ओरडलो नाही.

२२ जुलै

फोनवर नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ उघडला. त्यांचा ॲंटेना तिथे, चाक आपण इथून फिरवायचं. ४६२५ किलोहर्ट्झ. रशियातला तो प्रसिद्ध बझर. मिनिटाला पंचवीसेक वेळा घुर्र, घुर्र, घुर्र. कित्येक दशकं चालू आहे. मधूनच एखादा पुरुष येऊन नावं-आकडे वाचतो आणि पुन्हा घुर्र. मला हा फारसा आवडत नाही. लोक याच्यावरून अणुयुद्धापर्यंत कहाण्या रचतात. मला तो पिठाची गिरणी रिकामी चालू ठेवल्यासारखा वाटतो. सैन्याची वाहिनी असावी, ती अडवून धरण्यासाठी आवाज.

ब्रिटिशांचं आकड्यांचं प्रसारण खरं देखणं होतं. 'लिंकनशर पोचर' या लोकगीताची धून, मग एक ठसठशीत बाई, पाच-पाच आकड्यांचे गट, दर गटातला शेवटचा आकडा जरा चढ्या सुरात. सायप्रसमधल्या हवाई तळावरून यायचं. २००८ मध्ये बंद पडलं. ते मी कधी थेट ऐकलं नाही, मला हा नाद लागला तोवर ते संपलं होतं. आता ध्वनिमुद्रण ऐकतो.

आई आत आली तेव्हा तेच लावलं होतं. "काय रे हे, शाळेत पाढे म्हणतेय का बाई?" मी सांगितलं. मला वाटलं हसेल. ती पलंगावर बसली आणि म्हणाली, "तुझे आजोबा असंच बोलायचे की, गिऱ्हाईक बसलेलं असताना."

हे मला पन्नासाव्या वर्षी कळतंय. आजोबा कापडाच्या दुकानात होते तेव्हा मालक आणि गुमास्ते गिऱ्हाइकापुढेच भाव ठरवायचे, आणि त्याला एक अक्षर कळायचं नाही. आईने बोटं मोडत म्हणून दाखवलं. केवली, आवारू, उधानू, पोकू, मुळू. एक, दोन, तीन, चार, पाच. पोकूला ती आजही हसली. नवी सून असताना हे शब्द ऐकून पदराआड हसायची म्हणे, आणि सासूबाई डोळे वटारायच्या.

"पुढचे?"

"पुढचे काय माहीत. पाचाच्या वर मला कुणी कशाला शिकवेल?"

मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात सापडले. नंदभाषा नावाखाली. शेली सहा, पवित्र सात, मंगी आठ. तिला वाचून दाखवले. 'मंगी' ऐकल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "हां, मंगी. मंगी म्हणायचे."

खरसुंडीच्या जत्रेत खिलार बैलाचा सौदा होताना रुमालाखाली दोघांचे हात कसे असतात, ते मी लहानपणी पाहिलंय. चारी बाजूंनी शंभर माणसं उभी, आणि भाव ठाऊक फक्त त्या दोघांना.

२३ जुलै

पाऊस. सात मेगाहर्ट्झच्या थोडं वर चाक नेलं, ७०८० किलोहर्ट्झवर. सहज नव्हे. ४२.३४ मीटर लांबीची लाट म्हणजे हीच जागा. १९४२ मध्ये ऑगस्टच्या अखेरीपासून १२ नोव्हेंबरपर्यंत मुंबईत घरं बदलत बदलत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला तो ४२.३४ मीटरवर. इकडे कुंडलच्या बाजूला, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, पुढे प्रतिसरकार उभारणारी माणसं भूमिगत होती, आणि तिकडे एक मुलगी 'हिंदुस्थानातून कुठूनतरी' बोलत होती. तिला कुणी ऐकू नये असं वाटत नव्हतं. उलट. फक्त सापडायचं नव्हतं.

आज त्या जागेवर हौशी रेडिओवाले असतात. एक जण दुसऱ्याला आपल्या भागातल्या पावसाबद्दल सांगत होता. मी बराच वेळ ऐकत बसलो.

२५ जुलै

शेठजींनी लवकर सोडलं. पाणी वाढतंय, हमाल लांबच्या गावांचे आहेत, त्यांना जाऊ दिलं.

रात्री अॅना माँटेसबद्दल पुन्हा वाचलं. अमेरिकेच्या संरक्षण गुप्तचर खात्यात क्युबाच्या कामावर होती आणि सतरा वर्षं क्युबालाच माहिती देत होती. घरी सोनीचा रेडिओ. त्यावर एक बाई स्पॅनिशमध्ये 'आतेन्स्योन' म्हणायची आणि मग पाच-पाच आकड्यांचे दीडशे गट. ते माँटेस लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. पुसून टाकलं असं तिला वाटलं. ते पुसलं गेलं नव्हतं. एफबीआयने १९९९ च्या फेब्रुवारीत हवेतून टिपलेलं प्रसारण होतं, त्याची सुरुवात ३०१०७ २४६२४. तिच्या लॅपटॉपवरून परत मिळवलेल्या मजकुरातही ३०१०७ २४६२४. तेवढं पुरे झालं. २१ सप्टेंबर २००१ ला अटक, पंचवीस वर्षांची शिक्षा, २०२३ च्या जानेवारीत सुटली.

गणित फुटलं नाही. फुटला तो लॅपटॉप. १९६१ साली लंडनजवळ रशियाचे हेर क्रोगर नवराबायको पकडले गेले तेव्हा वहीची पानं टेबलावरच्या सिगारेट लायटरमध्ये दडवलेली सापडली होती. ते पान निदान जाळता आलं असतं. रोजकीर्द कागदावरच ठेवावी हे माझं मत आणखी पक्कं झालं, पोरगं काही म्हणो.

ती माँटेस रात्री एकटीच इअरफोन लावून बसत असणार. घरात कुणी विचारत असेल का, काय ऐकतेयस म्हणून?

२६ जुलै

पहाटे चारला जाग आली. पावसाचा आवाज बदलला होता. फोनवर गल्लीच्या ग्रुपमध्ये एकाखाली एक आकडे. आयर्विन ३६.२. आयर्विन ३६.९. कोयनेचा विसर्ग वाढवला. ३७.५. ना 'नमस्कार', ना 'शुभ सकाळ'. पुण्याचा भाचा चुकून या ग्रुपात आहे, त्याने विचारलं, "मामा, हा कसला स्कोअर?"

काय सांगणार. आयर्विन पुलापाशी पाणी चाळीस फुटांना गेलं की इशारा, पंचेचाळीसला धोका. आमच्या पायरीला कितीला लागतं, तालमीजवळ कितीला, कुणाच्या मागच्या दाराला कितीला, हे गावभागात जन्मलेल्याला कुठल्या तक्त्यात बघावं लागत नाही. २०१९ ला सत्तावन्न फूट झालं तेव्हा फोनही गेले होते. गच्चीवरून गच्चीवर माणसं ओरडून आकडा सांगायची आणि ऐकणारा तो पुढच्या गच्चीवर ओरडायचा. सगळीकडे पाणी आणि वरून नुसते आकडे. तेव्हा मला हा नाद नव्हता, नाहीतर तेव्हाच काहीतरी सुचलं असतं.

भाच्याला लिहिलं, 'नदी आहे.'

संध्याकाळी मुद्दाम त्याच वेळेला रेडिओ लावला. लाईट होती, घरघरही होती. बासरी मिळाली नाही. एकदा वाटलं की त्या खडखडीत 'सान' ऐकू आलं, पण ते वाटणंच. खाली आई अंधारात बसली होती, दिवा लावला नव्हता.

"किती?"

"एकोणचाळीस."

ती उठली. "डाळीचे डबे मी काढते. तू माळ्यावर चढ. आणि ती तार काढून घे वरची, फडकी भिजली सगळी."