पिसदुऱ्याची लाल माती

आज मामाजींसोबत पिसदुऱ्याले गेलो होतो, आपल्या वरोऱ्याकडचं, अन् अजूनही डोक्यातून जाऊन नाही राहिलं. धुऱ्याजवळ लाल माती, तिच्यात वळ्या पडलेले गोल दगड, मी साधे गोटेच समजलो तर मामाजी म्हणे हे डायनासोरचं शेण होय, दगड झालेलं! हे लमेटाचे थर, नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून नाव पडलं, कुठं वाळूखडक, कुठं लाल चिकणमाती, कुठं चुनखडी, जवळपास साडेसहा-सात कोटी वर्षांचे. लांब मानेचे टायटॅनोसॉर इथं चरत होते, त्यांची हाडंही इथंच सापडली.

अन् सगळ्यात भारी म्हणजे ह्याच शेणात शास्त्रज्ञांना गवताचे सूक्ष्म कण सापडले, 2005 साली ते छापून आलं, तोवर डायनासोरच्या काळात गवत होतं ह्याचा असा पक्का पुरावाच नव्हता! आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या मातीनं जगाले हे सांगितलं, अन् आम्हाले शाळेत कोणी एक शब्द नाही बोललं, ह्याचं खरंच वाईट वाटते.

एक दगड हातात घेतला, वजनदार लागला. उचलून आणावासा लय वाटला, पण फोटो काढून जिथल्या तिथं ठेवला. बाजूलेच एक बकरी गवत खात होती.