तुम्ही विचारलंत म्हणून : दुर्बिणीसाठी पुढचा आयपीस कोणता घ्यावा?

नाशिकमध्ये आकाशदर्शनासाठी दुर्बीण लावली की पाहून झाल्यावरही थोडा वेळ थांबणारे काही जण असतात, आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो. घरी नवी दुर्बीण आली आहे, तिच्याबरोबर दोन आयपीस, म्हणजे डोळा लावून पाहायची बदलता येणारी भिंगे, मिळाले आहेत. आता गुरू आणि शनी आणखी मोठे दिसावेत म्हणून पुढचा आयपीस कोणता घ्यावा? माझे उत्तर ऐकून विचारणाऱ्याची थोडी निराशा होते, तरी मी ते बदलत नाही. पुढचा आयपीस अधिक मोठे दाखवणारा घेऊ नये, अधिक आकाश दाखवणारा घ्यावा. आणि मोठे दाखवणारा जेव्हा घ्याल, तेव्हा खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवून आपल्या दुर्बिणीचा व्यास आणि आपल्या डोक्यावरची हवा यांचा विचार करून घ्यावा.

यामागचे गणित शाळेतल्या भागाकाराएवढेच आहे. नाभीय अंतर म्हणजे आरसा किंवा भिंग जितक्या अंतरावर प्रकाश एकवटते ते अंतर; आयपीसवरचा मिलिमीटरचा आकडा हे त्याचे नाभीय अंतर. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन, म्हणजे किती पट मोठे दिसेल तो आकडा, मिळते. १५० मिमी व्यासाचा आरसा आणि १२०० मिमी नाभीय अंतर असलेली डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर हाताने फिरवायची) दुर्बीण घेतली, तर २५ मिमीचा आयपीस ४८ पट आणि १० मिमीचा आयपीस १२० पट मोठे दाखवतो. गुरू सिंह राशीत असताना आपल्याकडे सिंहस्थ भरतो, त्यामुळे नाशिककरांना त्या ग्रहाचे नाव परके नाही. पण तो किती लहान दिसतो याची कल्पना फार थोड्यांना असते. पृथ्वीजवळ असताना त्याची चकती साधारण ४५ विकलांची असते (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). म्हणजे केवळ ४० पट विशालनाला तो, नुसत्या डोळ्यांना पौर्णिमेचा चंद्र दिसतो तेवढा दिसायला हवा, आणि तो तेवढा दिसतोही. दुर्बिणीच्या काळ्या वर्तुळात तुलनेला शेजारी काही नसल्यामुळे मात्र पाहणाऱ्याला तो इवलासा वाटतो. तुमच्याजवळचा २५ मिमीचा आयपीस हे काम आधीच करतो आहे. कमी असतो तो बहुधा पाहण्याला दिलेला वेळ. दहा-पंधरा मिनिटे डोळा न हलवता पाहत राहिलात, तर पहिल्या मिनिटाला न दिसलेले पट्टे त्याच आयपीसमधून दिसू लागतात.

विशालनाला वरची मर्यादा असते. आरशाचा किंवा भिंगाचा व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुप्पट विशालनापर्यंतच प्रतिमेत उपयोगाचे काही मिळू शकते. त्यापुढे प्रतिमा फक्त फुगते आणि मंद होते. ६० मिमीच्या लहान दुर्बिणींच्या खोक्यावर ५२५ पट असे छापलेले आढळते. ७०० मिमी नाभीय अंतर, ४ मिमीचा आयपीस आणि विशालन तिप्पट करणारे, आयपीसच्या आधी बसवायचे बार्लो भिंग असा हिशेब केला तर तो आकडा चुकीचा नाही. पण त्या भिंगाची झेप १२० पटीच्या आसपास संपते आणि उरलेल्या ४०० पटींतून धूसर डागापलीकडे काहीही दिसत नाही. आकाशाकडे वळलेली कितीतरी मुले या एका छापील आकड्यामुळे कायमची दूर गेली असतील, असे मला मनापासून वाटते.

शिवाय ही मर्यादाही रोज हाती येत नाही, कारण मध्ये हवा असते. उत्तरेकडून थंडीची लाट येते, निफाडचा पारा खाली उतरल्याच्या बातम्या येतात, त्या रात्री आकाश विलक्षण स्वच्छ असते आणि तारे जोरात लुकलुकतात. ताऱ्यांचे पुंजके पाहण्यासाठी अशी रात्र उत्तम. ग्रहांसाठी मात्र ती बहुधा वाईट, कारण लुकलुक म्हणजेच हवेची चलबिचल. उलट थोडी धुरकट, वारा पडलेली रात्र आली की शनीच्या कड्यांतली कॅसिनीची फट स्थिर दिसू शकते. मार्च-एप्रिलमध्ये दिवसभर तापलेली स्लॅबची गच्ची रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहते, आणि घरातून बाहेर आणलेली दुर्बीणही बाहेरच्या तापमानाला यायला वेळ घेते. या दोन्ही गोष्टींनी बिघडलेली प्रतिमा महागडा आयपीस सुधारू शकत नाही. १५० मिमीच्या दुर्बिणीचे ३०० पट विशालन वापरता येईल अशा रात्री थोड्याच असतात. १५० पट मात्र बऱ्याच रात्री पेलते.

म्हणून मी विशालनाऐवजी आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी पाहायला सांगतो. तिला एक्झिट प्युपिल म्हणतात. आयपीसच्या मिलिमीटरना दुर्बिणीच्या एफ-आकड्याने भागले की ती मिळते, आणि एफ-आकडा म्हणजे नाभीय अंतर भागिले व्यास. वरची दुर्बीण एफ/८ आहे, तेव्हा ८ मिमीच्या आयपीसला हा झोत बरोबर १ मिमी जाडीचा होतो आणि विशालन १५० पट, म्हणजे व्यासाच्या आकड्याइतकेच, येते. ग्रहांसाठीचा पहिला चांगला आयपीस हाच. तुमची दुर्बीण १५० मिमी व्यासाची पण ७५० मिमी नाभीय अंतराची, म्हणजे एफ/५ असेल, तर हेच काम ५ मिमीचा आयपीस करील. शेजाऱ्याने घेतलेला आयपीस तुम्हाला चालेलच असे का नाही, याचे कारण या भागाकारात आहे. दोन मिलिमीटरच्या आसपासचा झोत शहरातून तारकागुच्छ पाहायला चांगला, कारण विशालन वाढले की शहरी उजेडाने करडे झालेले आकाश काळवंडते आणि तारे मात्र उठून राहतात. चार मिलिमीटर आणि त्यापुढचा झोत अंधाऱ्या जागेसाठी राखावा. कॉलेज रोडच्या गच्चीवरून तो निराश करील. त्र्यंबक रस्त्याने अंजनेरीच्या पुढे किंवा पेठच्या बाजूला गेलात की त्याचे मोल कळेल.

आता अधिक आकाश दाखवणाऱ्या आयपीसबद्दल, कारण माझा सगळा आग्रह त्याचा आहे. आपल्या १२०० मिमीच्या दुर्बिणीत २५ मिमीचा साधा आयपीस सुमारे एक अंश आकाश दाखवतो आणि ३२ मिमीचा प्लोस्ल या प्रकारचा आयपीस सुमारे १.३ अंश. फरक किरकोळ वाटतो, पण क्षेत्रफळात तो खूप होतो. कृत्तिकेचे ठळक तारे पहिल्यात जेमतेम मावतात आणि दुसऱ्यात त्यांच्याभोवती थोडे काळे आकाश शिल्लक राहते, आणि गुच्छ गुच्छासारखा दिसायला ते भोवतालचे आकाशच लागते. मृगाच्या तलवारीतला तेजोमेघही अशाच आयपीसमध्ये त्याच्या पंखांसह दिसतो. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड गोलाकार तारकागुच्छ आपल्या दक्षिण क्षितिजावर २२ अंशांपर्यंत चढतो. युरोपातल्या बहुतेक निरीक्षकांना न मिळणारे हे दृश्य आपण एप्रिल-मेमध्ये पाहू शकतो, आणि तो शोधायला मोठे क्षेत्र लागते. नवशिक्याचा बराचसा वेळ शोधण्यातच जातो. आकाशाचा पट्टा हाताने चाळायचा असताना खिडकी मोठी असणे हीच खरी सोय. ४० मिमीचा मात्र घेऊ नका. आयपीसच्या सव्वा इंची नळीची रुंदीच आडवी येत असल्यामुळे तो ३२ मिमीपेक्षा जास्त आकाश दाखवत नाही, फक्त तेच आकाश लहान आणि अधिक करडे करून दाखवतो. तुमची दुर्बीण एफ/५ असेल तर २५ मिमीचाच आयपीस पुरेसा आहे. तिथे तो ३० पट विशालन देतो.

प्रकाराबद्दल फार घोळात पडू नये. प्लोस्ल ही १८६० मधली, चार भिंगांची, पन्नासेक अंशांचे दृश्य वर्तुळ देणारी रचना आजही चांगली आहे. (हे अंश आयपीसमध्ये डोळ्याला दिसणाऱ्या वर्तुळाचे; त्यांना विशालनाने भागले की प्रत्यक्ष आकाशाचे अंश मिळतात.) तिचा एक दोष लक्षात ठेवावा : डोळा जिथे ठेवायचा ते अंतर आयपीसच्या नाभीय अंतराच्या साधारण ७० ते ८० टक्के असते, त्यामुळे ६ मिमीच्या प्लोस्लला पापणी टेकते आणि चष्मा लावून तर पाहताच येत नाही. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढा, फोकस फिरवून भरपाई होते. सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर कमी विशालनाला चष्मा लागतो, आणि अशांनी १५ ते २० मिमी अंतर देणारेच आयपीस पाहावेत. १० मिमीच्या खाली मी प्लोस्लऐवजी ६० ते ६८ अंशांचे आयपीस सुचवतो. हाताने सरकवायच्या दुर्बिणीत याचा आणखी एक फायदा आहे : पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश चार मिनिटांत एक अंश सरकते, म्हणून १५० पटीला ५० अंशांच्या आयपीसमधून ग्रह ८० सेकंदांत निसटतो आणि ६६ अंशांच्या आयपीसमध्ये तो पावणेदोन मिनिटे राहतो. पाहुणे रांगेत उभे असतील तर हा फरक मोठा आहे.

पाच-सहा आयपीस आणि रंगीत फिल्टरांची पेटी एकदम घेऊ नये. त्यातले निम्मे एकमेकांची कामे करतात. दुप्पट करणारे बार्लो भिंग घेणार असाल तर आकडे जुळवून घ्या. २५ आणि १२.५ मिमीच्या जोडीला बार्लो लावले तर एक आकडा पुन्हा तोच येतो. ३२ आणि १२ मिमीच्या जोडीला लावले तर ३२, १६, १२ आणि ६ असे चार वेगळे पल्ले मिळतात.

एका गोष्टीवर मात्र मी अडून बसतो. काही जुन्या, स्वस्त दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये स्क्रूने बसवायची सूर्यासाठीची काळी काच येते. ती फेकून द्या, मुलांच्या हाती लागू देऊ नका. दुर्बिणीने एकवटलेली सगळी उष्णता त्या काचेवर पडते, ती तडकते आणि त्याच क्षणी डोळा जातो. सूर्य पाहायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर बसणारा प्रमाणित फिल्टरच हवा.

आणि घेतलेले आयपीस टिकवा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे आकाश बंद असते आणि त्याच महिन्यांत भिंगांवर बुरशी चढते. एकदा तिने भिंगावरचे लेपन खाल्ले की ते परत येत नाही. आयपीस पुसून, घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत, पंधरवड्याने डबा उघडून पाहावा, आणि दाणे गुलाबी झाले असतील तर ते मंद आचेवर सुकवून पुन्हा आत घालावेत.