घाणेरी नेमकी कुठे तोडायची

निसर्गमेळा म्हटला की रोपं फुकट मिळणार, असं लोक धरूनच चालतात. सकाळी आमच्या मांडवापुढे रांग लागली ती त्याचसाठी. आम्ही एकही रोप ठेवलं नव्हतं. मैदानाला लागून घाणेरीने, म्हणजे लँटाना या पसरत जाणाऱ्या काटेरी झुडपाने, भरलेला एक पडीक तुकडा होता, तिथे प्रात्यक्षिक ठेवलं होतं. अधिवास परत आणायचा तर बहुतेक ठिकाणी लावण्याआधी काढायचं काम असतं, आणि ते चुकीच्या पद्धतीने केलं की जागा आधीपेक्षा बिघडते.

शेजारीशेजारी दोन चौकोन आखले होते. पहिल्यातली झुडपं दोन महिन्यांपूर्वी कोयत्याने जमिनीलगत छाटलेली, दुसऱ्यातली तशीच उभी. लोक पहिल्या चौकोनापाशीच थबकत होते. जिथे चार-पाच जुने सोट होते तिथे आता हिरव्या फुटव्यांचा गच्च झुपका होता. टेकड्यांवर श्रमदान करणारे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडेही दरवर्षी हेच होतं. आम्हाला वाटायचं, बी पडून उगवते."

बी पडून उगवते हे खरंच. पण हे फुटवे बियांचे नव्हते. खोड आणि मूळ जिथे जुळतात त्या गाठीवर सुप्त डोळे असतात. वरून कापा किंवा जाळा, ती गाठ जमिनीत राहिली की डोळे जागे होतात. म्हणून दिल्ली विद्यापीठातल्या सी. आर. बाबू आणि सहकाऱ्यांनी मांडलेली पद्धत आम्ही करून दाखवली. अरुंद पात्याची, लांब दांड्याची कुदळ घ्यायची. बुंध्याभोवतीचा पाला हाताने बाजूला करायचा. मातीच्या पृष्ठभागाखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर सोटमूळ एक-दोन घावांत तोडायचं, आणि झुडूप गाठीसकट उचलून उलटं ठेवायचं, मुळं आभाळाकडे. फांद्या ओल्या मातीला टेकल्या तर पेरांपाशी मुळं धरतात. मुळं वर राहिली की झाड वाळतं. अंगावर जाड पूर्ण बाह्यांचे कपडे आणि चामडी हातमोजे हवेतच, काटे उलटे असतात.

एका उत्साही तरुणाने अख्खी मुळी उपटायला मोठा खड्डा खणायला घेतला. त्याला थांबवावं लागलं. जितकी माती उलथेल तितकं मातीतलं जुनं बी वर येतं, आणि उतारावर तीच माती पहिल्या पावसात वाहून जाते. सोटमूळ तोडलं की खालचा भाग कुजून जातो, तो काढायची गरज नसते.

दुपारी सर्वांत जास्त चर्चा वेळेवर झाली. फळं काळी पिकण्याआधी काढणं उत्तम, कारण पिकलेली फळं बुलबुल आणि साळुंख्या दूरवर नेतात. भर पावसात काढलेली झुडपं पुन्हा रुजतात, म्हणून जमीन कोरडी असतानाच काम उरकावं. सगळा डोंगर एका झटक्यात मोकळा करू नये. घाणेरीतही पक्ष्यांची घरटी असतात, सशांना आडोसा असतो. आधी घरटी बघायची, मग चांगल्या जंगलाला लागून असलेल्या विरळ कडेपासून सुरुवात करून पट्ट्यापट्ट्याने आत जायचं. उतारावर पट्टे समपातळी रेषेत ठेवायचे. वाळलेल्या ढिगाला आग पटकन लागते, तेव्हा तो मोठ्या झाडांच्या बुंध्याशी रचू नये.

काढलेल्या काड्यांचं काय, हा प्रश्न अनेकांनी विचारला. कर्नाटकातले सोलिगा कारागीर त्यांचं सुंदर फर्निचर करतात. पण नुसत्या सरळ काड्या तोडून खुंट तसाच ठेवला, तर आपण घाणेरीची शेतीच करतो. काडी हवी असेल तर झुडूप गाठीसकट काढून मगच ती कापावी.

मोकळी झालेली जमीन तशीच सोडली की घाणेरी नाहीतर रानमोडी हे दुसरं तण परत येतं. आम्ही मांडवात पवन्या, मारवेल आणि डोंगरी गवताचं बी ठेवलं होतं. ताज्या बियांना सुप्तावस्था असते, त्यामुळे आदल्या हंगामाचं बी चांगलं. ते ओलसर मातीत मिसळून पावसाच्या तोंडावर फेकायचं आणि काटेरी फांदी हलकेच ओढून जेमतेम झाकायचं. सेंटिमीटरभराहून खोल गेलं तर उगवण घटते. जिथे मुळात गवताळ माळ होता तिथे झाडं लावू नका, हे आम्ही प्रत्येकाला दोनदा सांगितलं; माळढोक, तणमोर आणि धाविक या पक्ष्यांना उघडं गवतच लागतं.

मेळा संपताना श्रमदानवाल्या गटाने त्यांच्या टेकडीचा नकाशा पसरला. पाण्याचे ओघळ, आणि पक्षी बसतात ती मोठी झाडं, यांवर आम्ही पेन्सिलीने खुणा केल्या. घाणेरीची नवी रोपं आधी तिथेच उगवतात. वीतभर उंचीची असताना ओल्या मातीतून ती हाताने मुळासकट निघतात. हे दर पावसाळ्यात किमान दोनदा, सलग तीन वर्षं करायचं ठरलं.