मानेचा मान

पावसात सोसायटीच्या शेवग्याची फांदी मोडून पडली. शेवग्याचं लाकूडच ठिसूळ, जरा वारा सुटला की कडाड! शेंगा एकही नाही, पण पाला भरपूर. वॉचमन म्हणाला, "न्या ताई, नाहीतर कचऱ्यातच जाणार." मी ओढणीत मावेल तेवढा घेतला आणि जिना चढता चढताच ठरवून टाकलं, आज तिनोला, म्हणजे फिलिपिन्सचा कोंबडीचा पातळ रस्सा.

एरवी आमच्याकडे हा पाला गोकुळाष्टमीचा. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ आणि वर ओलं खोबरं पेरलेली शेवग्याच्या पाल्याची भाजी. त्यात कोंबडी घालणं म्हणजे आजीच्या लेखी थेट नरक. पण आमचे काका बोटीवर होते. कोकणात दर दोन घरांआड एक काका बोटीवर असतो, आणि बोट कुठल्याही देशाची असली तरी तिच्यावर फिलिपिनो माणसं भेटतातच. काकांच्या बोटीवर कुकच तिकडचा होता. कुणाला ताप आला किंवा घरच्या आठवणीने कुणी गप्प झाला, की तो तिनोला चढवायचा. सुट्टीवर आले की काका तो आमच्या ओट्यावर करायचे. आजी तेवढा वेळ माजघरात जाऊन बसे.

करायला सोपा. तेलात आलं, लसूण, कांदा. आल्याच्या उभ्या काड्याच हव्यात. ठेचलेलं आलं घातलेला तिनोला मी खात नाही, कारण विचारू नका. मग हाडांसकट कोंबडी आणि पातिस. पातिस म्हणजे मिठात मुरवलेल्या मासळीचं खारं पाणी. बाटली उघडली की मजल्यावरची मांजरं दारात. रश्श्याला साधं पाणी नाही, तांदळाचं दुसरं धुवण. पहिल्यात धूळच फार असते. कोंबडी शिजत आली की कच्च्या पपईच्या फोडी, आणि शेवटी पाला टाकून झाकण, गॅस बंद. हळद नाही, मसाला नाही. तिकडे बाळंतिणीला हाच देतात, पाल्याने दूध येतं म्हणून.

कुक वाढायला लागला की काकांना एक गोष्ट हमखास ऐकायला मिळायची. फिलिपिनो लेखक होसे रिझालची 'नोली मे तांगेरे' ही १८८७ सालची, तिथे स्पेनचं राज्य असतानाची कादंबरी. १९५६च्या कायद्याने तिथल्या पोरांना ती शिकावीच लागते, त्यामुळे कुकलाही येत होती. तीत एक मेजवानी आहे. सगळ्यांच्या ताटात तंगड्या आणि छातीचे तुकडे, आणि दामासो नावाच्या मातब्बर स्पॅनिश पाद्र्याच्या वाट्याला नुसती मान, एक चिवट पंख आणि भोपळ्याच्या फोडी. पाद्री भोपळा चिरडतो, चमचा आपटतो, ताट ढकलून देतो. ताटात तिनोला होता. साहेबाच्या राज्यात राहून साहेबाला मान वाढायची, म्हणजे काय हिंमत! (रिझालला १८९६ साली स्पॅनिशांनी मनिलात गोळ्या घातल्या. फक्त तिनोल्यासाठी नव्हे, अर्थात.)

तो पाद्री आमच्याकडे रविवारी जेवायला असता तर रडलाच असता. तंगड्या दोन आणि पोरं पाच. तंगडी परीक्षेत पास झालेल्याला, तापातून उठलेल्याला, नाहीतर पाहुण्यांच्या पोराला. यांतलं मी कधीच काही नसायचे. कलेजी बाबांना. आई सगळ्यात शेवटी बसायची आणि मान घ्यायची, चवीने, कडकडा चोखत. ती आपल्यासाठी त्याग करते असं समजून आम्ही भावंडांनी शाळेच्या निबंधांत त्यावर भरपूर मार्क मिळवले. कमावते झाल्यावर तिच्या ताटात आग्रहाने तंगडी वाढायला लागलो. बरीच वर्षं तिने सोसलं. मग एका रविवारी म्हणाली, "मेल्यांनो, मला मानच आवडते. लग्नाआधीपासून आवडते. आता तरी सुखाने खाऊ द्या."

हल्ली चिकनवाला मान आपणहून देत नाही, काढून बाजूच्या टोपलीत टाकतो. आज मी मागितली तर कोयता थांबवून म्हणाला, "कुत्र्यासाठी का?"

हो म्हटलं. गर्दी होती, कुठे समजावत बसणार. चार माना जास्त दिल्या त्याने, फुकट. आईला अजून सांगितलेलं नाही.